वर्षभर काय वाचायचं? नव्याने वाचायला लागलेल्यांसाठी पुस्तकं निवडायची एक पद्धत

डिसेंबर संपत आला की दोन-तीन जण तरी मला विचारतात, यंदा वाचायला सुरुवात करायचीये, एक यादी दे ना. पूर्वी मी द्यायचो. वीस-पंचवीस नावं टाइप करून पाठवायचो आणि मार्चमध्ये विचारलं की कळायचं पहिलंच पुस्तक अर्धं राहिलंय. मग हळूहळू लक्षात आलं की नुसती नावं देऊन काही होत नाही, आपलं पुढचं पुस्तक आपण कसं शोधायचं हे एकदा कळलं पाहिजे, ते जमलं की कुणाकडे यादी मागायची वेळच येत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. उदाहरणं बहुतेक मराठी पुस्तकांची आहेत कारण मी तीच जास्त वाचतो, पण पद्धत कुठल्याही भाषेला चालेल.

माझंच आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आठवड्याला एक अशी ५२ पुस्तकांची यादी केली होती, छान वहीत लिहून, लेखकांची नावं, किंमती सगळं. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत चार झाली. पाचवं एक जाड ऐतिहासिक होतं ते काही केल्या सरकेना, आणि यादीत पुढचा नंबर येईपर्यंत दुसरं हातात घ्यायचं नाही असा नियम मीच केलेला, त्यामुळे ते पुस्तक उशाशी पडून राहिलं आणि जूनपर्यंत मी काहीच वाचलं नाही. चार महिने गेले. त्या पुस्तकात काही खोट नव्हती, माझी पद्धतच चुकली होती. त्यानंतर जी पद्धत हळूहळू बसली ती खाली पायरीपायरीने देतोय.

पायरी १ : आधी मागे बघा

कोरा कागद घ्या आणि गेल्या दोन-तीन वर्षांत शेवटपर्यंत वाचलेली पुस्तकं लिहा. विकत घेतलेली नाही, वाचून संपवलेली. तीनच निघाली तरी चालतील, शाळेतलं अवांतर वाचन आठवत असेल तर तेही लिहा. मग प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहायची, त्यातलं आज काय आठवतंय. कुणाला माणसं आठवतात, कुणाला गाव, कुणाला एखादा प्रसंग, कुणाला भाषा. माझ्या कागदावर सगळीकडे जागा आणि गावंच होती, कुठल्या कादंबरीत शेवटी काय झालं ते विसरलेलो पण तिथला ओढा, वाडा, रस्ता लख्ख आठवत होता. तेव्हा मला कळलं की मी जागेसाठी वाचणारा माणूस आहे. तुम्ही कशासाठी वाचता हे या कागदावरून बरंचसं कळतं. आणि हे कळल्याशिवाय लोकांच्या ‘वाचायलाच हवीत अशी’ पुस्तकं आणण्यात अर्थ नाही.

पायरी २ : पानांचं गणित

किती पुस्तकं वाचणार हे ठरवू नका, रोज किती पानं जमतील ते बघा. तीन दिवस नेहमीसारखं वाचून बघा, मुद्दाम जोर लावून नाही. माझा कंपनीच्या बसमधला वेळ चाळीस मिनिटांचा आहे, त्यातली वीस मिनिटं नीट वाचन होतं, त्यात दहा पानं होतात. आता दहा पानं रोज म्हणजे वर्षाची ३६५० झाली, पण लग्नं, आजारपणं, गणपती, मुलांच्या परीक्षा, नाईट शिफ्ट हे सगळं धरून ६५ दिवस सरळ सोडून द्या. उरले ३०० दिवस, ३००० पानं. अडीचशे पानांचं पुस्तक धरलं तर वर्षाला बारा. बारा पुस्तकं हे काही कमी नाही हो, आणि हे वीस मिनिटांत होतंय. पाचच पानं होत असतील तर सहा होतील, तेही चांगलं वर्ष म्हणायचं.

या गणिताचा खरा फायदा असा की जाड पुस्तक आणि बारीक पुस्तक यांची तुलना नीट होते. सातशे पानांचं एक पुस्तक म्हणजे तुमच्या वर्षाचा जवळजवळ पाव भाग. तो द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा, पण माहीत असून द्या.

पायरी ३ : अर्धी यादी रिकामी ठेवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. बारा पुस्तकं होणार असतील तर नावं फक्त सहांचीच लिहा आणि बाकी सहा ओळी रिकाम्या सोडा, आणि ती सहासुद्धा एकदम नको, तीन-तीन महिन्यांचे चार तुकडे करून फक्त पहिल्या तुकड्याची नावं पक्की करा. कारण जानेवारीत बसून केलेली यादी ही जानेवारीतल्या माणसाची असते, ऑगस्टपर्यंत तुम्ही चार-पाच पुस्तकं वाचलेली असतात, एखाद्या पुस्तकाने तुम्हाला भलतीकडेच नेलेलं असतं, तेव्हा तिकडे जायला जागा हवी. रिकाम्या ओळी त्यासाठी. त्या कशा भरायच्या ते पाचव्या पायरीत.

पायरी ४ : पहिलं पुस्तक बारीक हवं

दीडशे पानांच्या आतलं. याचं कारण साधं आहे, पहिलं पुस्तक संपलं पाहिजे. मी दोन नावं नेहमी सांगतो.

एक, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ सालची. माणदेशातल्या धनगरांच्या छोट्याशा वस्तीवर एक कोवळा मास्तर येतो, शाळा सुरू करतो, आणि मग दुष्काळ. वाक्यं एवढी साधी आहेत की फारा दिवसांनी मराठी वाचणाऱ्यालाही अडकायला होत नाही, आणि संपल्यावर ती वस्ती डोक्यातून जात नाही.

दुसरं, विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’, १९३९. युरोपातून निघालेल्या बोटीवरची गोष्ट, जर्मनीतून पळालेले ज्यू प्रवासी, त्यातली हॅर्टा आणि आपला मराठी चक्रधर. महायुद्ध पेटलं त्याच वर्षी मराठीत हे लिहून छापलं गेलं होतं हे मला अजूनही विलक्षण वाटतं. मराठी कादंबरी म्हणजे वाडा नाहीतर शेत असं ज्यांना वाटतं त्यांनी इथून सुरू करावं.

कादंबरी नकोच असेल तर पु. लं.चं ‘व्यक्ती आणि वल्ली’ घ्या, एका बैठकीत एक माणूस वाचून होतो, मध्ये चार दिवस खंड पडला तरी धागा तुटत नाही.

पायरी ५ : एका पुस्तकाच्या धाग्याने दुसरं

आता रिकाम्या ओळी. पुस्तक संपलं की लगेच दुसरं उघडू नका, दोन दिवस थांबा, आणि स्वतःला विचारा की यातलं काय अजून हवंय. तेच गाव? तोच काळ? तशीच भाषा? तोच प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तोंडून? उत्तर आलं की पुढचं पुस्तक आपोआप समोर येतं. मी तीन धागे सांगतो, तिन्ही माझे स्वतःचे चालून झालेले आहेत.

पहिला धागा गावाचा आणि शेतीचा. ‘बनगरवाडी’ आवडली तर लगेच माडगूळकरांचंच ‘माणदेशी माणसं’ वाचा, ते १९४९चं म्हणजे आधीचं आहे, आणि मग कळतं की बनगरवाडीतली नजर कुठून आली. तिथून विदर्भात जा, उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०). यातली कौतिक ही मराठीतल्या सगळ्यात ताकदीच्या बायकांपैकी एक आहे असं माझं ठाम मत आहे. संवाद वऱ्हाडीत आहेत, पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला पहिली पंचवीस-तीस पानं जड जातात, तेव्हा एक करायचं, संवाद मोठ्याने वाचायचे. डोळ्याला अनोळखी वाटणारा शब्द कानाला ओळखीचा निघतो. आमच्या बसमध्ये अमरावतीकडचा एक जण आहे, अडलेले शब्द मी त्याला विचारायचो, महिनाभराने त्यानेच पुस्तक मागून नेलं. ‘धग’नंतर चाळीसेक वर्षांनी त्याच विदर्भातल्या शेतकऱ्याचं काय झालं हे बघायचं असेल तर सदानंद देशमुखांची ‘बारोमास’, हिला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. शिकलेला मुलगा, शेती परवडत नाही, नोकरी मिळत नाही, घरात रोजची धुसफूस. आणि जमीनच धरणाखाली गेली तर काय, त्याची गोष्ट विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’त. ही चार-पाच पुस्तकं ओळीने वाचली की बातम्यांमधला ‘शेतकरी’ हा शब्द पूर्वीसारखा वाचता येत नाही.

दुसरा धागा माणसांनी स्वतःबद्दल लिहिलेल्या पुस्तकांचा. आत्मकथनं ही मराठीची फार मोठी श्रीमंती आहे आणि नव्या वाचकाला ती कादंबरीपेक्षाही जवळची वाटतात असा माझा अनुभव. सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून करा, पहिला भाग १९३४ला आला. शाळेत न गेलेल्या बाईने बोलल्यासारखं लिहिलंय, नवरा ख्रिस्ती होतो, संसार मोडतो, पुन्हा जुळतो, आणि इतक्या दुःखातही बाई हसवतात. घेताना एवढं बघा की हातात पूर्ण आवृत्ती आहे की संक्षिप्त, दोन्ही मिळतात, जमलं तर पूर्णच घ्या.

तिथून पुढे ‘बलुतं’. दया पवारांचं हे पुस्तक १९७८ला आलं आणि त्यानंतर मराठीत एक दारच उघडलं. मग लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’, हे सगळं दहा वर्षांच्या आत आलेलं आहे. एक सांगतो, ही पुस्तकं लागोपाठ वाचू नका. मी वाचली होती, तिसऱ्या पुस्तकापर्यंत मन बधीर झालं आणि चौथ्यातलं दुःख मला नीट ऐकूच आलं नाही, तो त्या लेखकावर अन्याय झाला असं मला वाटतं, ते पुस्तक मी नंतर परत वाचलं. दोन पुस्तकांमध्ये महिना जाऊ द्या. आणि पुरुषांचीच वाचून थांबू नका. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) वाचल्याशिवाय हा धागा अर्धाच राहतो. कोकणात बांबूच्या कामट्यांची सुपं, टोपल्या विणतात त्याला आयदान म्हणतात, लेखिकेची आई ती विणायची, पुस्तकाचं नाव तिथून आलंय.

तिसरा धागा महाभारताचा, आणि इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. बहुतेक जण शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’पासून (१९६७) सुरू करतात आणि मला तेच बरोबर वाटतं. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे आळीपाळीने बोलतात, भाषा भरजरी, वाचणारा वाहून जातो, कर्ण म्हणजे आपलाच माणूस होतो. ते संपल्यावर महिन्याभराने त्याच १९६७ सालचं दुसरं पुस्तक उघडा, इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९पासून महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांवरून चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं होतं, ते १९६६ला पुरं झालं, बाईंनी ती संहिता समोर ठेवून एकेका माणसाला निरखलंय, भीष्माला सुद्धा सोडलेलं नाही. कर्णाबद्दल त्या जे लिहितात ते वाचून ‘मृत्युंजय’च्या चाहत्याला राग येऊ शकतो. मला आला होता. मग परत वाचलं, आणि दोन्ही पुस्तकं एकाच वेळी मनात ठेवायला शिकलो, वाचक म्हणून मी तेव्हा थोडा मोठा झालो असं मला खरंच वाटतं. उलट क्रमाने वाचलं तर ‘मृत्युंजय’ची गोडी जाते, म्हणून क्रम सांभाळा. त्यानंतर दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’, छोटं आहे पण सावकाश वाचायचं. आणि मग भैरप्पांचं ‘पर्व’, मूळ कन्नड, मराठीत उमा कुलकर्णींनी आणलेलं. तिथे चमत्कार काढून टाकलेले आहेत, उरतात ती थकलेली, म्हातारी होत चाललेली माणसं.

तुमचे धागे वेगळे असतील. कुणी ‘श्यामची आई’पासून जेलमध्ये लिहिलेल्या पुस्तकांकडे जाईल (साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ला लिहिलंय), कुणी भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’पासून होस्टेलवरच्या, गाव सोडून शहरात आलेल्या पोरांच्या गोष्टींकडे. कुठलाही चालेल, फक्त दोन पुस्तकांमध्ये काहीतरी नातं असू द्या.

पायरी ६ : जाडजूड पुस्तक वर्षात एकच

आणि त्याला मोसम ठरवून द्या. मी पावसाळ्यात वाचतो, जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर जाणं कमी असतं. श्री. ना. पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांचं आहे, कोकणातल्या एका खोत घराण्याच्या पिढ्यामागून पिढ्या, ते मी पावसातच वाचलं आणि ते पावसातच वाचायचं पुस्तक आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नात्यांचा तक्ता काढत जा, कोण कुणाचा मुलगा हे शंभर पानांनंतर लक्षात राहत नाही. लायब्ररीचं पुस्तक असेल तर मात्र तक्ता वेगळ्या कागदावर, पुस्तकावर रेघ मारायची नाही.

जाड पुस्तक चालू असताना सोबत एक पातळ पुस्तक ठेवलं तरी चालतं. कथा, ललित, काहीही.

पायरी ७ : इंग्रजी शाळेत शिकलेल्यांसाठी

हे वेगळं लिहितोय कारण असे खूप जण आहेत, घरी मराठी बोलतात, कळतं सगळं, पण छापील मराठी वाचताना वेग पडतो आणि मग लाज वाटून सोडून देतात. लाजायचं काही कारण नाही, हा फक्त सरावाचा प्रश्न आहे. पहिले दोन महिने रोज चार पानं, मोठ्याने. ऑडिओबुक मिळत असेल तर ऐकत ऐकत सोबत छापील पुस्तक वाचायचं, स्टोरीटेलवर मराठी भरपूर आहे. आणि सुरुवातीला अशी पुस्तकं निवडायची ज्यांची भाषा बोलल्यासारखी आहे, अनिल अवचटांची घ्या, वाक्यं छोटी, विषय आजूबाजूचे. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ही चांगलं, एकतर ते वाचून न हललेला माणूस मी पाहिला नाही. ऐतिहासिक कादंबऱ्या आणि जी. ए. कुलकर्णींच्या कथा मात्र पुढच्या वर्षासाठी ठेवा. जीए फार मोठा लेखक आहे, त्याच्याकडे घाईने जाऊ नये.

पायरी ८ : कविता आणि दिवाळी अंक

पानांच्या हिशोबात कविता धरू नका. एक संग्रह घ्यायचा आणि तो वर्षभर जवळ ठेवायचा, आठवड्याला एक-दोन कविता. बहिणाबाई चौधरींची गाणी (पुस्तक १९५२ला, त्यांच्या मृत्यूनंतर आलं) यासाठी उत्तम, खानदेशी बोली आहे, मोठ्याने म्हणून बघितल्याशिवाय खरी चव कळत नाही. नंतर कोलटकर, ढसाळ, विंदा, जे भेटतील ते.

दिवाळी अंकांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ओळी रिकाम्याच ठेवा. १९०९ला का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही आपली पद्धत चालत आलीये. नवा लेखक शोधायला याच्यासारखी दुसरी जागा नाही, कारण एका अंकात पंधरा-वीस जण भेटतात, ज्याचं लेखन आवडलं त्याचं नाव वहीत लिहून ठेवायचं आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत त्याचं पुस्तक आणायचं. माझे गेल्या काही वर्षांतले निम्मे आवडते लेखक मला असेच सापडले. सगळे अंक विकत घ्यायची गरज नाही, बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, दोन-तीन महिने बदलून बदलून वाचायला मिळतात.

पायरी ९ : पुस्तकं आणायची कुठून

आधी वाचनालय. मी अगदी कळकळीने सांगतो, नव्या माणसाने पहिल्या वर्षी पुस्तकं कमीत कमी विकत घ्यावीत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा आहे, अनुदान घेणाऱ्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, म्हणजे तालुक्याच्या आणि बऱ्याच मोठ्या गावांत काही ना काही असतंच. अनामत एकदा भरायची, महिन्याची वर्गणी वडापाव-चहाच्या हिशोबातली असते. जुनी वाचनालयं तर खजिनाच, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. गोव्यात असाल तर पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे मराठीचा चांगला साठा आहे. वाचनालयात गेलात की कपाटाआधी ग्रंथपालांशी बोला. ‘काका, मला बनगरवाडी आवडली, तसं काही आहे का’ एवढं विचारलं तरी ते चार पुस्तकं काढून देतात, आणि परत आलेल्या पुस्तकांचा जो ढीग टेबलावर असतो तो बघायला विसरू नका, गावातली माणसं सध्या काय वाचतायत ते त्यात दिसतं.

विकत घ्यायचंच तर ते पुस्तक घ्या जे वाचनालयातून आणून वाचलंय आणि परत करताना जीवावर आलं. असं केलं की घरातलं कपाट हळू भरतं पण सगळं आपलं असतं. पुण्यात अप्पा बळवंत चौक आहे, मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात, फक्त जुनं घेताना मधली पानं आहेत का ते मोजून बघा, रहस्यकथेची शेवटची चार पानं गायब असलेली मी घरी आणलेली आहेत.

परदेशात किंवा महाराष्ट्राबाहेर असाल तर ई-बुक हाच सोयीचा मार्ग. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे साने गुरुजी, ह. ना. आपटे वगैरेंचं लेखन मुक्त झालंय, मराठी विकिस्रोतावर अशी जुनी पुस्तकं वाचायला मिळतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवरही बरीच पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. पण हयात लेखकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरतात त्या कृपा करून घेऊ नका. मराठीत एका आवृत्तीच्या प्रती मुळातच थोड्या निघतात, त्यातलीही विक्री अशी गेली तर पुढचं पुस्तक कोण छापणार.

आणि सुट्टीत पाचगणी-महाबळेश्वरला गेलात तर वाटेत भिलारला उतरा. ४ मे २०१७ला ते पुस्तकांचं गाव झालं, लोकांच्या घरांत, ओसऱ्यांवर विषयवार कपाटं आहेत, कुणी हटकत नाही, एक अख्खी दुपार दहा पुस्तकांची पाच-पाच पानं चाखत बसायचं. निवड करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पायरी १० : पुस्तक हातात घेऊन कसं बघायचं

मलपृष्ठावरचं कौतुक सोडून द्या. मधलं एक पान उघडा, साधारण साठ-सत्तराव्या पानाच्या आसपासचं, आणि पूर्ण वाचा. पहिलं पान लेखकाने घासूनपुसून ठेवलेलं असतं, मधल्या पानावर त्याचा रोजचा आवाज ऐकू येतो. तो आवाज तीन आठवडे सोबत ठेवावासा वाटतोय का, एवढंच बघायचं. मग आतलं श्रेयपान बघा, पहिली आवृत्ती कधीची ते कळतं, जुन्या पुस्तकाला नवीन कव्हर घातलेलं असतं. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव शोधा, ते कव्हरवर किंवा पहिल्या पानावर ठळक दिलेलं असेल तर चांगली खूण, आणि अनुवादाचा एक परिच्छेद तरी वाचाच, वाक्य वाचताना मूळ इंग्रजी वाक्य डोक्यात यायला लागलं तर ते पुस्तक ठेवून द्या. चांगला अनुवादक सापडला की त्याने केलेली बाकीची पुस्तकं शोधायची, हाही एक धागाच आहे.

पायरी ११ : सोडायचं कधी

पन्नास पानं. बोलीभाषेतलं असेल तर सत्तर. तिथपर्यंत मनापासून वाचूनही पुढे जावंसं वाटत नसेल तर बंद करा आणि वहीत तारीख घालून ‘नंतर’ असं लिहा. ‘नको’ लिहू नका. ‘कोसला’ मी विशीत वीस पानांत ठेवली होती, काहीच कळलं नव्हतं, तिशीत परत उचलली आणि पांडुरंगची बहीण मनी जाते ती पानं वाचून पुढे दोन दिवस मी धड कुणाशी बोललो नाही. नेमाड्यांनी ती पंचविशीत लिहिलीये, पण मला ती समजायला तेवढी वर्षं लागली.

पायरी १२ : वही

साधी शंभर पानी. एका पुस्तकाला अर्धं पान पुरे, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, कुणाकडून किंवा कुठून मिळालं, एक आवडलेलं वाक्य पान नंबरसकट, आणि सगळ्यात खाली ‘यातून पुढे काय’. तारे, गुण वगैरे देऊ नका, वर्षभराने त्या आकड्यांवरून काही आठवत नाही. ‘यातून पुढे काय’ ही ओळ मात्र कधीही रिकामी सोडायची नाही, पुस्तकात उल्लेख आलेलं दुसरं पुस्तक, प्रस्तावनेतलं एखादं नाव, तुम्हाला पडलेला प्रश्न, काहीही. ३१ मार्चला, मग जून, सप्टेंबरच्या शेवटी वही घेऊन बसायचं, या ओळी वाचायच्या आणि पुढच्या तीन महिन्यांच्या जागा त्यातून भरायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

या आठवड्यात करण्यासारखं एवढंच, पायरी एकचा कागद आज रात्री लिहा, आणि शनिवारी वाचनालयाची वेळ विचारून अनामत भरून या. जाताना आधार कार्डची झेरॉक्स आणि दोन फोटो सोबत असू द्या, बऱ्याच ठिकाणी मागतात.